सांबा ४ ची वर्षं वाया गेली नाहीत

सांबा म्हणजे लिनक्ससारख्या मशीनला विंडोजच्या नेटवर्कात फाईल वाटप आणि लॉगिनचं काम करू देणारं मुक्त सॉफ्टवेअर. त्याचा विषय निघाला की एक दावा हमखास केला जातो: चौथ्या आवृत्तीच्या पुनर्लेखनात कित्येक वर्षं फुकट गेली, फाईल सर्व्हर तर शेवटी जुनाच ठेवला; लॉगिन एकत्र करायला ओपनएलडॅप (वापरकर्त्यांच्या नोंदी ठेवणारी एलडॅप डिरेक्टरी) आणि केर्बेरॉस (तिकिटं देऊन ओळख पटवणारी पद्धत) होतेच; आणि जे जमलं ते मायक्रोसॉफ्टची कागदपत्रं मिळाली म्हणून. रोज नेटवर्क सांभाळणारेही हे मान्य करतात, याचं वाईट वाटतं.

फाईल सर्व्हरचं अर्धं खरं आहे. पुनर्लेखनात नवा फाईल सर्व्हर लिहिला होता, तरी ११ डिसेंबर २०१२ ला ४.० आली ती एसएमबीडी या जुन्या फाईल सर्व्हरसकट. वर्षानुवर्षं वापरात तावून सुलाखून निघालेला कोड त्यांनी फेकला नाही, हे शहाणपणच केलं. पण पुनर्लेखनाचा जीव फाईल वाटपात नव्हता. सांबा ३ अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे विंडोज नेटवर्कातली खाती आणि मशीन एकत्र सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेचा, सदस्य होऊ शकत होता; स्वतः डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा मुख्य सर्व्हर, व्हायचं तर त्याआधीच्या विंडोज एनटी ४ च्याच पद्धतीने. अडचण तिथे होती.

‘एलडॅप आणि केर्बेरॉस होतेच’ म्हणणाऱ्यांनी त्या जोडणीत पासवर्ड बदलून पाहावा. एलडॅपमध्ये एक हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप), विंडोजसाठी त्याच नोंदीत एनटी हॅश, केर्बेरॉसच्या केडीसीत, म्हणजे तिकिटं देणाऱ्या सर्व्हरमध्ये, वेगळी की. एकाच माणसाचा पासवर्ड तीन रूपांत, आणि ती जुळवून ठेवायला आपल्याच स्क्रिप्ट. एखादी चुकली की नोकरी सोडून गेलेल्याचं खातं एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू. ही गैरसोय नाही, सुरक्षेचं भगदाड आहे. शिवाय विंडोजला नुसतं तिकीट पुरत नाही. तिकिटात पीएसी नावाची जोड लागते: वापरकर्त्याचा आणि त्याच्या गटांचा एसआयडी (विंडोजचा ओळख क्रमांक), केडीसीच्या सहीसकट. साधा केडीसी ती घालत नाही, मग माणूस ओळखला जातो पण कोणत्या गटातला हे कळत नाही. सांबा ४ मध्ये एलडॅप सर्व्हर, हाइमडाल या केर्बेरॉसच्या मुक्त आवृत्तीवर उभा केडीसी आणि डीएनएस (मशीनची नावं पत्त्यांशी जोडणारी सेवा) एकाच डेटाबेसवर चालतात. पासवर्ड एकदा बदलला की सगळ्या की तिथेच नव्याने तयार होतात. जुने तुकडे शेजारी शेजारी मांडून हे साधलं नसतं.

राहिली कागदपत्रं. सांबाचे जनक अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला सांबाची सुरुवात केली तीच नेटवर्कवरून जाणारी पॅकेट्स पाहून प्रोटोकॉल, म्हणजे मशीनच्या आपसांतल्या संवादाचे नियम, उलगडत. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला या प्रोटोकॉलची माहिती खुली करण्याचा आदेश दिला, तरी सांबाला ती मिळाली डिसेंबर २००७ च्या करारानंतर, १०,००० युरो एकदाच भरून. सांबा ४ ची पहिली चाचणी आवृत्ती जानेवारी २००६ ची आहे, आणि तिच्यात विंडोज २००० ची मशीन डोमेनला जोडून लॉगिन करता येत होतं. पुढच्या कामात कागदपत्रांचा आणि मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांचा उपयोग झालाच, ४.० च्या घोषणेत सांबा टीमने त्यांचे मोकळेपणाने आभार मानले आहेत.