नदीत पाणी आहे, पण खोली?
जलवाहतूक रस्ता आणि रेल्वेपेक्षा स्वस्त, असं नेहमी म्हटलं जातं ते खरं; पण नदीला वर्षभर पुरेशी खोली असेल तरच. २०१६ च्या कायद्याने एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. कागदावर! गंगेवरचा हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा पहिला जलमार्ग १९८६ सालचा, आणि तिथेही गाळाशी झगडा संपलेला नाही. पावसाळ्यात नदी गाळ आणते, पात्र सरकतं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की ड्रेजरने (गाळ उपसणाऱ्या यंत्राने) मोकळी केलेली वाट पुन्हा बुजलेली. मग बार्ज (माल वाहणारी सपाट तळाची बोट) अर्धीच भरायची, म्हणजे टनामागचा खर्च वाढला आणि स्वस्ताईचं गणित तिथेच कोलमडलं. त्यात धक्क्यापर्यंत ट्रक, उतरल्यावर पुन्हा ट्रक, दोनदा चढउतार. हे पैसे हिशेबात धरायचे की नाही? (परतीचा माल कुठून आणायचा, ते तर विचारूच नका.)

गोव्यात मांडवी-झुआरीवर खनिजाच्या बार्ज कित्येक दशकं चालल्या, कारण खाणी नदीपासून फार लांब नाहीत, मुरगाव बंदर झुआरीच्या मुखाशी आणि माल ठोक. असे मोजके मार्ग आधी नीट चालवा, बाकीची यादी नंतर बघू.