सीटीत डाग म्हणजे कॅन्सरच? ते फॉरवर्ड आधी नीट बघा

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. फुप्फुसात गाठ दिसली की ती कॅन्सरच, डॉक्टर "सहा महिन्यांनी या" म्हणाले तर ते टाळतायत, लगेच पेट स्कॅन (किरणोत्सारी साखर टोचून कुठलं ऊतक चमकतंय ते बघणारी तपासणी) करा, तो क्लिअर आला की सुटलात, आणि बायोप्सीची, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढण्याची सुई मात्र लावू देऊ नका, कॅन्सर पसरतो. मी डॉक्टर नाही, सीटी सेंटरवर रिपोर्ट टाईप करते, पण हे रोज डोळ्यांखालून जातं म्हणून लिहितेय.

गाठ म्हणजे कॅन्सर, हे आधी घेऊ. ३ सेंटीमीटरपर्यंतच्या डागाला नोड्यूल म्हणतात आणि बहुतेक साधेच निघतात. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांची ट्रायल झाली, २०११ला निकाल आला, सगळे वर्षानुवर्षं सिगरेट ओढलेले, तरी सीटीत जे काही पॉझिटिव्ह, म्हणजे संशयास्पद आलं त्यातलं ९६ टक्के कॅन्सर नव्हतं. (त्याच ट्रायलमध्ये एक्स-रेवाल्यांपेक्षा लो-डोस (कमी किरणांच्या) सीटीवाल्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरने मरणारे २० टक्के कमी होते, म्हणजे सीटी फुकट असंही नाही.) आपल्याकडे तर टीबी, बरा होऊन गेला तरी व्रण राहतो आणि त्यात कॅल्शियम भरतं. शिवाय दगडाच्या खाणीत काम केलेल्यांना सिलिकाच्या धुळीने पण गाठी होतात.

आता ते "सहा महिने". टाळाटाळ नाही हो, हिशोब आहे. गाठीचं घनफळ दुप्पट झालं तरी व्यास साधारण पावपटच वाढतो, ६ एमएमची जेमतेम साडेसात होते, मग पंधरा दिवसांनी परत काढून मोजणार काय? फ्लाइश्नर सोसायटी म्हणजे छातीच्या स्कॅनच्या तज्ज्ञांची संस्था, तिचे २०१७चे नियम बघा: सॉलिड (भरीव) गाठ ६ एमएमच्या खाली आणि रिस्क कमी, तर परत सीटीची गरजच नाही, ६ ते ८ असेल तर ६ ते १२ महिन्यांनी, ८च्या वर गेली की तीन महिन्यांनी सीटी नाहीतर पेट किंवा बायोप्सी. धुरकट, काचेसारखी दिसणारी गाठ हळू वाढते, तिच्यावर पाच वर्षं नजर ठेवतात. आधी कॅन्सर झालाय, इम्युनिटी कमी आहे किंवा वय ३५च्या आत आहे, त्यांना हे नियम लागू नाहीत.

आणि जुनी फिल्म! कोविडमध्ये घरोघरी छातीचे सीटी निघालेत. मागे एका काकांचा ८ एमएमचा रिपोर्ट आला, सगळं घर रडकुंडीला, सुनेने कपाटावरून २०२१ची पिशवी काढून आणली तर डाग तिथेच, तेवढाच. सॉलिड डाग दोन वर्षं हलला नाही की डॉक्टर सहसा सोडून देतात.

पेटचं म्हणाल तर ८ एमएमखाली त्यावर भरवसा नाही, टीबीही त्यात चमकतो आणि हळू वाढणारा कॅन्सर कधीकधी चमकतच नाही. क्लिअर आला म्हणजे सुटलात, हे तर सगळ्यात धोक्याचं वाक्य.

सुईने पसरणं फार क्वचित. खरा त्रास म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा जमते, कधी नळी टाकावी लागते. संशय दाट असेल तर सर्जन बायोप्सीशिवाय थेट काढतातही, पण ते ते ठरवणार, फॉरवर्ड नाही.

फॉलोअपला येताना नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडी आणा. तो सीटी लो-डोस असतो, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन बहुतेक लागत नाही. आणि तारीख चुकवू नका, आमच्याकडे खरी पंचाईत तिथेच होते, घाबरलेले लोक दुसऱ्या दिवशी येतात आणि सहा महिन्यांनी यायचं असतं ते येतच नाहीत.