१४ फेब्रुवारीचा ‘फाशी दिन’ : दरवर्षी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

फेब्रुवारी उजाडला की खान्देशातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश न चुकता येतो. १४ फेब्रुवारी १९३१ रोजी पहाटे लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी देण्यात आली, हा दिवस आपल्यापासून मुद्दाम लपवला गेला आणि नेमक्या त्याच दिवशी आपली मुले गुलाब वाटत फिरतात, असा त्याचा आशय असतो. कोणी चूक दाखवली की पुढच्या वर्षी सुधारित आवृत्ती येते : फाशी नव्हे, तर फाशीची शिक्षा त्या दिवशी सुनावली गेली. ज्या वाचनालयात मी दिनविशेषाचा फलक लिहितो, तेथे एका वर्षी हा मजकूर माझ्याच हातून खडूने लिहिला गेला आणि दुपारपर्यंत त्या फलकाचे छायाचित्र तालुकाभर फिरले. त्यामुळे या प्रतिवादात थोडी परतफेडही आहे.

फाशी १४ फेब्रुवारीला झाली, हा पहिला दावा. तिघांना फाशी देण्यात आली ती २३ मार्च १९३१ रोजी, लाहोरच्या मध्यवर्ती कारागृहात. या तारखेवर विश्वास ठेवण्यासाठी कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबण्याची गरज नाही, कारण १४ फेब्रुवारीनंतर भगतसिंगांनी लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. ३ मार्चला त्यांनी धाकटा भाऊ कुलतार याला पत्र लिहिले. २० मार्चला तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला कळवले की, आम्ही युद्धकैदी आहोत, तेव्हा आम्हाला फासावर न देता गोळ्या घालाव्यात. १७ फेब्रुवारीपासून गांधीजी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्या वाटाघाटी सुरू झाल्या. त्यांत या शिक्षेचा विषय निघाला, ५ मार्चला करार झाला, आणि २३ मार्चच्या सकाळीसुद्धा गांधीजींनी शिक्षा थांबवण्याची विनंती करणारे पत्र आयर्विन यांना पाठवले. महिन्याअखेरीस कराचीच्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजी पोहोचले तेव्हा संतप्त तरुणांनी त्यांना काळे झेंडे दाखवले. फाशी १४ फेब्रुवारीलाच झाली असती, तर या साऱ्या धडपडीला आणि त्या संतापाच्या वेळेला काही अर्थच उरत नाही.

‘पहाटे’ हा शब्द किरकोळ वाटेल, पण संदेश कसा रचला गेला हे त्यातून कळते. फाशी पहाटे देतात हा सर्वसाधारण समज, म्हणून येथेही पहाट घातलेली दिसते. प्रत्यक्षात ठरलेली वेळ २४ मार्चच्या सकाळची होती, पण लोकक्षोभाच्या भीतीने सरकारने ती अलीकडे ओढली आणि २३ तारखेच्या संध्याकाळी सातच्या सुमारास तिघांना फासावर चढवले. मृतदेह रातोरात फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी नेऊन घाईने दहन करण्यात आले. ज्याला या घटनेविषयी खरोखर संताप वाटतो, त्याने ही संध्याकाळ तरी विसरू नये, कारण सरकारचा भेकडपणा नेमका तिच्यातच दिसतो.

आता सुधारित आवृत्तीकडे. शिक्षा सुनावली गेली ती ७ ऑक्टोबर १९३० रोजी. आयर्विन यांनी १ मे १९३० रोजी वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचे विशेष न्यायाधिकरण नेमले होते. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येत नव्हते. उरली लंडनची प्रिव्ही कौन्सिल, आणि तिनेही फेब्रुवारी १९३१ च्या दुसऱ्या आठवड्यात अपील ऐकून घेण्यास नकार दिला. त्यानंतर पंडित मदनमोहन मालवीय यांनी व्हाइसरॉयकडे दयेची विनंती केली, आणि तिची तारीख होती १४ फेब्रुवारी १९३१. माझ्या मते साऱ्या गोंधळाचे मूळ येथे असावे. कोठेतरी ‘१४ फेब्रुवारी’ आणि ‘भगतसिंग’ हे दोन शब्द शेजारी आले, आणि जीव वाचवण्यासाठी केलेल्या विनंतीचा दिवस पुढे पाठवता पाठवता जीव घेतल्याचा दिवस झाला.

दिवस लपवला गेला, या आरोपाला फार जागा देण्याचे कारण नाही. २३ मार्च हा शहीद दिन म्हणून शाळांतून, पंचायतींतून पाळला जातो, आणि सतलजकाठच्या हुसैनीवाला येथील तिघांच्या स्मारकावर त्या दिवशी लोकांची गर्दी होते. १४ फेब्रुवारीच्या गुलाबांवर ज्यांचा राग आहे त्यांनी तो जरूर व्यक्त करावा, पण त्यासाठी तीन हुतात्म्यांचा मृत्यू ३७ दिवस अलीकडे ओढू नये.

तारखेत एवढे काय आहे, असे मला एका ज्येष्ठ वाचकाने विचारले होते. मी त्यांना नंदुरबारचे उदाहरण दिले. शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पडले. ९ ऑगस्ट हा क्रांतिदिन, म्हणून हे बलिदानही ९ ऑगस्टचेच असे कोणी उद्या फिरवले, तर नंदुरबारकर ते क्षणभरही खपवून घेतील का? ‘छोडो भारत’ची हाक दिल्यावर, नेते गजाआड गेल्यावर एक महिना उलटूनही शाळकरी मुले झेंडा घेऊन रस्त्यावर होती, हे त्या सप्टेंबरमुळेच कळते.

आणि ज्यांना फेब्रुवारी महिनाच हवा आहे, त्यांनी लाहोरपर्यंत जाण्याचे कारण नाही. चंद्रशेखर आझादांचे साथीदार भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर यांना १९२९ मध्ये भुसावळ स्थानकावर शस्त्रे आणि स्फोटक साहित्यासह पकडण्यात आले. खटला जळगावला चालला. भगतसिंगांवरील लाहोर खटल्यात आपल्याच साथीदारांविरुद्ध साक्ष देणारे जयगोपाल आणि फणींद्रनाथ घोष हे माफीचे साक्षीदार तेथेही साक्षीला आले, तेव्हा माहौर यांनी त्यांच्यावर पिस्तूल झाडले. दोघेही वाचले. हे घडले फेब्रुवारी १९३० मध्ये, आपल्या जळगावात. आणि माझ्या फोनवर दरवर्षी येणाऱ्या डझनभर संदेशांपैकी एकातही त्याचा उल्लेख मला आजवर आढळलेला नाही.

वाचनालयाच्या फलकावर आता १४ फेब्रुवारीला मालवीयांच्या विनंतीची एक ओळ असते. तिच्याखाली कंसात मी ‘फाशी : २३ मार्च’ असे लिहितो, कारण छायाचित्र काढणारे अजून थांबलेले नाहीत.