मानसोपचार म्हणजे धीर देणे नव्हे

चिंताविकारासाठी पैसे मोजून एखाद्या तिऱ्हाइताशी बोलायला जाण्यात असे काय मिळते, जे घरच्यांशी किंवा मित्रांशी बोलून मिळत नाही, असा प्रश्न मला अलीकडे ओळखीच्या काही जणांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. माझे स्वतःचे उपचार पूर्ण झाल्यामुळे मी त्याचे उत्तर देऊ शकतो, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. माझे मत असे आहे, की घरची माणसे धीर देतात आणि जाणकार मानसोपचारतज्ज्ञ तो देण्याचे जाणूनबुजून टाळतात; चिंताविकारात गुण येतो तो बहुतांशी या टाळण्यामुळेच.

मला त्रास होता तो मांडवी पुलाचा. गोव्यातल्या बार्देशातून पणजीला नोकरीसाठी जाताना पुलावर बस खोळंबली, की छाती धडधडू लागे, बोटांना मुंग्या येत, श्वास पुरत नसे आणि आपण आता इथेच संपणार अशी खात्री वाटे. ईसीजी झाला, थायरॉईडची रक्ततपासणीही झाली. ही तपासणी करून घ्यावीच, कारण थायरॉईडची ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली तरी अशीच लक्षणे दिसतात. सगळे अहवाल स्वच्छ आले. मग मी बेतीला उतरून फेरीबोटीने पणजी गाठू लागलो. घरच्यांना हा तोडगा पसंत पडला. मुलगा धक्क्यापर्यंत सोडायला येऊ लागला, पत्नी मी पोहोचेपर्यंत फोनवर बोलत राही, आईने देवस्थानात गाऱ्हाणे घातले आणि प्रसादही उजवा झाला. यातल्या कशालाही मी नावे ठेवणार नाही. आईच्या गाऱ्हाण्याने मला बरेच वाटले होते. परंतु भीती काही कमी झाली नाही. ती पुलावरून बसमध्ये आली आणि बसमधून शुक्रवारच्या म्हापसा बाजारात पोहोचली.

असे का होते, हे मला उपचारांत समजले. भीतीची जागा टाळली, की तत्क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि टाळल्यामुळेच आपण वाचलो असा धडा मेंदू त्यातून घेतो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरवतो. सोबत येणारा मुलगा, खिशातली गोळी, हातातली पाण्याची बाटली, दर थोड्या वेळाने नाडी तपासणे, ही सगळी टाळण्याचीच रूपे असतात. प्रेमाने दिलेला धीरही त्यातच मोडतो.

मी ज्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्यांनी पहिल्या भेटीत "काही होणार नाही" हे वाक्य एकदाही उच्चारले नाही. धडधड कधी सुरू होते, त्या वेळी मनात नेमके कोणते वाक्य येते, वाचण्यासाठी मी काय करतो, हे त्यांनी क्रमाने विचारले आणि वहीत लिहायला लावले. ही पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारे उपचार. १९६०च्या दशकात अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी ती प्रथम नैराश्यासाठी मांडली आणि पुढे तिचा वापर चिंताविकारांसाठीही होऊ लागला. पुढच्या एका भेटीत बाईंनी मला बारीक नळीतून श्वास घ्यायला लावले, खुर्चीत गरगर फिरवले, जिने भराभर चढायला लावले. जी लक्षणे मला मृत्यूची चाहूल वाटत होती, ती त्यांनी त्यांच्या खोलीत हवी तेव्हा निर्माण करून दाखवली. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साईड घटतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात. भीतीचा झटका काही मिनिटांत शिगेला पोहोचून आपोआप ओसरतो. हे मी आधी वाचलेले होते, पण वाचून माझ्यात काहीच बदललेले नव्हते. त्यानंतर आम्ही भीतीची शिडी तयार केली: आधी दुचाकीवर मागे बसून पूल ओलांडायचा, मग दुपारच्या रिकाम्या बसने, मग संध्याकाळच्या गर्दीत, आणि शेवटी बाटली, गोळी व फोन यांच्याविना. हे सारे अत्यंत त्रासदायक असते. कित्येकदा मला त्या बाईंचा राग आला. केवळ मन मोकळे करण्यासाठी जाणाऱ्याची इथे निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. संमोहनाची शक्ती करणाऱ्याच्या हातात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. समोरच्या बाईवर हात रोखून उभ्या असलेल्या फारियांचा हा पुतळा पाहून मात्र नेमका उलट समज होतो, आणि मानसोपचारांबद्दलही आपल्याकडे तोच समज आहे, की समोरचा माणूस आपल्यावर काहीतरी करणार आणि आपण बरे होणार.

औषधांना माझा विरोध नाही. ती मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनीच लिहून द्यावीत, आणि नैराश्य व चिंतेवर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात हे धरून चालावे. अल्प्राझोलमसारख्या गोळीने अर्ध्या-एक तासात बरे वाटते खरे, पण तिची सवय जडते. शेजाऱ्याने आपल्याकडची काढून दिलेली गोळी घेणे तर सर्वथा चूक. समुपदेशकाची पाटी थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम केलेले लोकही लावतात, म्हणून शिक्षण विचारावे; क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. आपली भाषा समजणारी व्यक्ती मिळाली तर उत्तम, कारण घाबरल्यावर मनात येणारी वाक्ये मराठी-कोंकणीतच असतात आणि ती जशीच्या तशी सांगावी लागतात.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले असले, तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवतीच बेतलेल्या असतात, आणि थेरपीसाठी कोणी दाखल होत नाही. बांबोळीला मनोविकार संस्था आहे आणि १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तरीही दर आठवड्याला रजा काढून बांबोळी गाठणे रोजंदारीवरच्या माणसाला जमणारे नाही. गोव्यातीलच प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'मानस' नावाचा प्रयोग झाला होता. मानसशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले, तर सरकारी केंद्रांत नैराश्य व चिंतेचे अधिक रुग्ण बरे होतात, असा त्याचा निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आमच्या आरोग्य केंद्रात असा समुपदेशक आठवड्यातून किमान एक दिवस बसावा, असा ठराव मी येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. गावातील ज्यांना अनुमोदन द्यायचे असेल, त्यांनी रविवारी अवश्य यावे. स्वतःच्या आजाराविषयी तिथे कोणालाही बोलावे लागणार नाही, ते मी बोलेन.