मैफलीत आडवं पडणाऱ्यांची बाजू

पुण्यातल्या एका छोट्या सभागृहात कुणीतरी खुर्च्या बाजूला करून गाद्या टाकल्या, दिवे मंद ठेवले आणि आलेल्यांना सांगितलं, हवं तर आडवे व्हा, डोळे मिटा, झोप लागली तरी चालेल. दीड तास बासरी आणि गाणं झालं, लोक घरी गेले. त्या कार्यक्रमाचे फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले आणि तेव्हापासून तिथे जी जुंपली आहे ती थांबायचं नाव घेत नाही. मी इथे लंडनमध्ये कामावरून घरी येते, फोन उघडते आणि जेवायच्या आधी त्या भांडणाचा उरलेला भाग वाचते.

एका बाजूला माझे मामा आहेत. तरुणपणापासून न चुकता पुण्याच्या ‘सवाई गंधर्व’ संगीत महोत्सवाला, म्हणजे ‘सवाई’ला, जाणारे, कान तयार असलेले. त्यांचं म्हणणं: ‘समोर कलाकार षड्ज लावतोय आणि तुम्ही तंगड्या पसरून घोरताय? गाणं म्हणजे काय झोपेची गोळी आहे?’ दुसऱ्या बाजूला मावसभाऊ. त्याने कुठला राग कुठल्या आजारावर, याचा रंगीत तक्ता टाकलाय. रक्तदाबाला हा, मधुमेहाला तो, पित्ताला तिसरा. शिवाय सगळं ४३२ हर्ट्झवर वाजवलं तर पेशी न् पेशी शांत होते म्हणे. मी दोघांवरही चिडले आहे. मामांवर जास्त, कारण त्यांना गाणं कळतं.

तक्त्याचं आधी उरकते. ‘ए’ हा पाश्चात्त्यांचा स्वर ४४० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांवर, असावा हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९५५ मध्ये ठरलं, ते वाद्यवृंदातल्या सगळ्यांनी एका सुरात वाजवावं म्हणून. त्यावरून पाश्चात्त्यांनी खुशाल भांडावं. आपल्याकडे गाणारा आपला षड्ज, म्हणजे ‘सा’, आपण ठरवतो. कुणी पेटीच्या काळी एक पट्टीमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये, आणि तानपुरे त्याला मिळवून घेतात. ज्या संगीतात प्रत्येक गळ्याचा ‘सा’ वेगळा, त्यात ४३२चा आग्रह धरायचा म्हणजे आपल्या गाण्याचं पहिलं पानच उघडलं नाही असं होतं. आणि असा तक्ता वाचून एखाद्याने जरी रक्तदाबाची गोळी बंद केली तरी ते मोठं पाप आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मला यात गंमत दिसत नाही.

पण म्हणून संगीताने शरीराला काहीच होत नाही, असं मामा म्हणतात तेही खरं नाही. इटलीतल्या पाविया विद्यापीठातल्या लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००६ मध्ये ‘हार्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २४ माणसं, त्यातली निम्मी संगीत शिकलेली. त्यांना सहा तऱ्हांचं संगीत ऐकवलं, त्यात आपला एक रागही होता. लय चढली की श्वास, नाडी, रक्तदाब चढत होता. शैली कोणती याला फारसं महत्त्व नव्हतं. मजा पुढे आहे. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीपेक्षाही खाली गेले. म्हणजे नुसतं गप्प बसून जे मिळालं नव्हतं, ते गाण्यानंतरच्या गप्पपणात मिळालं. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात तालाचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं, गवई एका सुरावर थांबतो, मागे फक्त तानपुरा उरतो. त्या जागेचं काय मोल आहे हे मामांसारख्या किराणा घराण्याच्या भक्ताला मी सांगायला हवं का?

आता मामांच्या मुख्य आक्षेपाकडे येते: आडवं पडणं हा कलाकाराचा अपमान आहे.

माझ्या कामात मला वृद्धांच्या केअर होममध्ये जावं लागतं. तिथे अधूनमधून वादक येतात. ‘लाइव्ह म्युझिक नाऊ’ ही संस्था १९७७ पासून तरुण वादकांना अशा ठिकाणी पाठवते. रुग्णालयांत पाठवणाऱ्या संस्था तर त्याहून जुन्या आहेत. एकदा एक चेलो वाजवणारी मुलगी लाउंजमध्ये बसली होती. व्यासपीठ नाही, माइक नाही, तिची खुर्ची इतरांच्या खुर्च्यांइतकीच उंच. एक आजोबा तिच्याकडे चक्क पाठ करून खिडकीतून कार पार्क बघत बसले होते. केअररने त्यांची खुर्ची वळवायला हात घातला तेव्हा त्या मुलीने मानेनेच ‘असू दे’ म्हटलं आणि वाजवत राहिली. मी त्या आजोबांच्या गुडघ्यासाठी आले होते, त्यामुळे माझी नजर त्यांच्या पायावर होती. त्यांचा उजवा पाय दिवसभर हलत असतो, जमिनीवर टाच आपटत. तिसऱ्या की चौथ्या रचनेत टाच थांबली. मग कानांपर्यंत चढलेले खांदे खाली आले. मी हातांनी जे खांदे उतरवायला अर्धा तास घेते, ते कुणीही हात न लावता उतरले. त्यांनी टाळी वाजवली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. त्या मुलीला आपला अपमान झाला असं वाटल्याचं तिच्या तोंडावर कुठे दिसलं नाही.

इथे हे कुणाला विशेष वाटत नाही. ‘रिलॅक्स्ड’ कार्यक्रम म्हणजे सभागृहात दिवे पूर्ण घालवायचे नाहीत, मध्येच उठता येतं, आवाज झाला तरी कुणी वळून बघत नाही, फार झालं तर बाहेर बसायला शांत खोली असते. बीबीसी प्रॉम्स या इथल्या मोठ्या संगीत महोत्सवानेही २०१७ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये असा कार्यक्रम केला. ऑटिझम असलेली मुलं, स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा, त्यांना सांभाळणारे थकलेले लोक, हे सगळे मैफलीला येऊ शकले पाहिजेत एवढाच त्यामागचा विचार. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवलेली होती. त्या रिकाम्या गॅलरीत मायरा हेस या पियानिस्ट बाईंनी १९३९ ते १९४६ दुपारच्या मैफली चालवल्या. एक शिलिंग तिकीट, १,६९८ मैफली, आठ लाखांहून जास्त श्रोते. कामाच्या मधल्या सुट्टीत लोक जीव शांत करायला येत होते. वरच्या मजल्यावर धोका वाढला तेव्हा मैफल तळघरात हलवली. तिथे मोझार्टचा दर्जा घसरला असं म्हणण्याची कुणाची छाती नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा मामांचं उत्तर आलं: ‘लंडनहून आम्हाला शिकवू नकोस. ही तिकडची थेरं.’

तिकडची? मग मामांना एक पुण्याचीच गोष्ट सांगायला हवी. ‘लाइव्ह म्युझिक नाऊ’ काढणाऱ्या दोघांपैकी एक होते व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन. १९५२ मध्ये ते मुंबईत आले असताना त्यांची योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांशी भेट झाली. मेन्युहिन इतके थकलेले होते की म्हणाले, मी फक्त पाच मिनिटं देऊ शकतो. अय्यंगारांनी त्यांना शवासनात झोपवलं आणि त्यांना गाढ झोप लागली. तासाभराने ताजेतवाने होऊन उठले आणि पुढचे दोन तास अय्यंगारांजवळ बसले. पुढे त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं, त्यावर ‘माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास’ असं कोरलं होतं. हे गुरुजी पुण्यात राहणारे, पुण्यात शिकवणारे. केअर होममधल्या त्या चेलोपर्यंत हा धागा थेट जातो असं मी म्हणत नाही. पण ज्या शहरात जगभरचे लोक नीट आडवं कसं पडावं हे शिकायला येतात, त्या शहराने आडव्या पडलेल्या श्रोत्याला असंस्कृत ठरवावं हे मला सहन होत नाही.

आणि मामा, तुमच्या त्या रात्रभराच्या सवाईचं काय? लहानपणी आम्ही तुमच्याकडून किती वेळा ऐकलंय: पहाटे तीनच्या सुमाराला शालीची उशी करून डोकं टेकवलं, डोळा लागला, आणि ललत या पहाटेच्या रागाच्या सुरांनी जाग आली ती अशी की अंगावर काटा. ही तुमची आयुष्यातली सर्वांत मोठी मैफल, तुम्हीच सांगता. मी हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा मामा दिवसभर गप्प होते. मग उत्तर आलं: ‘ती अनावर झालेली झोप होती. ही ठरवून आणलेली आहे.’ फरक आहे, मी मान्य करते. पण तुमची ती झोप आता कुणाला मिळणार आहे? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सवलत मिळाली तरी ठरावीक दिवस आणि बारापर्यंतच. मध्यरात्रीनंतरचा दरबारी आणि त्यातून उगवणारा पहाटेचा राग, हा अख्खा पट्टाच मोठ्या महोत्सवांतून गेला. शेजारच्यांना झोप हवी, नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की त्याजागी आपण काय आणलं? सत्कार, प्रायोजकांची भाषणं, दहाचा ठोका गाठायला धावणारा द्रुत आणि छाती दणाणवणारे स्पीकर. शंभर माणसांच्या खोलीत माइकशिवाय पहाटे गाणं करायला कुठल्या नियमाची आडकाठी आहे? ते ज्यांनी केलं नाही ते गाद्या टाकणाऱ्यांना नावं ठेवतात, याचा मला राग आहे.

एवढं सगळं पोटतिडकीने लिहिते खरी, पण इथल्या मैफलीत माझं काय होतं तेही लिहायला हवं. मी जाते. मॅटवर पडते, डोळे मिटते, पियानो सुंदर वाजत असतो. आजूबाजूला सगळे सैल पडलेले असतात आणि माझं शरीर मात्र कशाची तरी वाट बघत राहतं. सम, म्हणजे तालाचं आवर्तन जिथे येऊन मिळतं ती मात्रा, यायची वाट बघतं. ती येत नाही, कारण त्या संगीतात ती नाहीच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११७ श्रोत्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मैफलीआधी आणि तासभर ऐकल्यानंतर मोजलं होतं. ताणाचं ते संप्रेरक कमी झालं, आणि संगीत ओळखीचं असो नसो, श्रोता शिकलेला असो नसो, त्याने फरक पडला नाही. मी तो निष्कर्ष मानते, पेशंटना सांगतेही. माझ्यापुरता तो लागू पडत नाही. मी खरी सैलावते ती वेस्ट केन्सिंग्टनच्या भारतीय विद्या भवनात, मैफल सुरू व्हायच्या आधी तानपुरे मिळवत असतात तेव्हा. खुर्ची अवघडलेली, हीटिंग जास्त, मागे दोन बायका मराठीत कुणाच्या तरी सुनेबद्दल कुजबुजत असतात आणि माझे खांदे खाली येतात. इतकी वर्षं इथे राहून, इथला पासपोर्ट घेऊन, ‘आमच्याकडे’ म्हणताना मला अजून क्षणभर ठरवावं लागतं की कुठलं. मामांशी मी इथली बाजू घेऊन भांडते आणि इथे कुणी सिंगिंग बाउल्सना भारतीय संगीत म्हटलं की मामांचीच वाक्यं माझ्या तोंडून येतात.

आणि भांडणामागे आणखी एक गोष्ट आहे, ती ग्रुपवर लिहिलेली नाही. माझी आई आता ७८ वर्षांची आहे. कमरेच्या दुखण्याने तिला अर्धा तासही सलग बसता येत नाही, म्हणून तिने मैफलींना जाणं सोडलं. बैठक तर नाहीच, खुर्चीही नको होते. ज्या बाईने मला बोट धरून गाण्याला नेलं ती घरी पलंगावर पडून फोनवर गाणं ऐकते. इथे मी दुसऱ्यांच्या आयांना व्हीलचेअरमधून चेलो ऐकायला लाउंजमध्ये आणते, त्यांच्या पाठीमागे उशी नीट लावते. हे करताना मनात काय येतं ते ज्याची आई लांब आहे त्याला सांगावं लागणार नाही.

आई ग्रुपवरच्या वादात एक अक्षर बोलली नाही. रविवारी फोनवर मात्र, भाजीचं, डॉक्टरांचं सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, ‘ते गाद्यांवरचं गाणं पुन्हा कधी आहे गं? तिथे झोपून ऐकलं तरी चालतं ना?’

तेव्हा मामा, वाद आपण चालू ठेवू. तक्ता चुकीचा आहे यावर आपलं एकमत आहे, ते मावसभावाला तुम्हीच समजावा, तुमचं तो ऐकेल. पण पुढचा कार्यक्रम ठरला की आईला तुम्ही घेऊन जा. तुम्ही तिच्यापासून दहा मिनिटांवर राहता. तिकिटं मी इथून काढू शकते, रिक्षातून उतरताना तिला हात देऊ शकत नाही. तुम्ही गादीवर बसू नका, मागे भिंतीलगत खुर्ची मागून घ्या, पाठ ताठ ठेवून ऐका. तिला मात्र झोप लागली तर उठवू नका. आणि घरी आल्यावर बासरीवाला कसा वाजवत होता ते मला खरं खरं लिहा, सुरात होता की नव्हता. त्या बाबतीत मी अजूनही फक्त तुमच्याच कानांवर विश्वास ठेवते.