‘ट्रूमन यांनाही लोक नावेच ठेवत होते’: एका लाडक्या युक्तिवादाचा प्रतिवाद

अमेरिकेचा एखादा अध्यक्ष लोकांच्या मनातून उतरला की त्याचे समर्थक हमखास हॅरी ट्रूमन यांचे नाव पुढे करतात. समाजमाध्यमांवर सतत फिरणारा हा दावा थोडक्यात असा आहे: ट्रूमन 1953 च्या जानेवारीत पायउतार झाले तेव्हा देश त्यांना विटलेला होता, आज मात्र इतिहासकार त्यांना पहिल्या दहांत बसवतात, तेव्हा समकालीनांचा रोष हीच थोरवीची खूण समजावी, पन्नास वर्षे वाट पाहावी आणि तोवर इतिहासकारांच्या क्रमवाऱ्या मनावर घेऊ नयेत, कारण प्राध्यापक मंडळी बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेली असतात. यातली वस्तुस्थिती बरीचशी खरी आहे. तिच्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

प्रथम खुद्द ट्रूमन यांचेच उदाहरण पाहू. गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत 1945 च्या जूनमध्ये 87 टक्के लोकांना त्यांचे काम पसंत होते, आणि 1952 च्या फेब्रुवारीत हा आकडा 22 वर आला होता. कोरियातले युद्ध अडकून पडले होते, 1951 च्या एप्रिलमध्ये त्यांनी तिथले सेनापती जनरल मॅकआर्थर यांना पदावरून दूर केल्याने गहजब झाला होता आणि करवसुली खात्यातली लाचखोरी उघडकीस आली होती. पण इतिहासकारांना मत बदलायला पन्नास वर्षे लागली, हे खरे नाही. 1962 मध्ये इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी 75 अभ्यासकांचा कौल घेतला तेव्हाच ट्रूमन ‘जवळजवळ थोर’ या दुसऱ्या श्रेणीत पोहोचले होते, म्हणजे पद सोडून दहा वर्षेही झाली नव्हती. त्यांच्याविषयी सामान्य लोकांचा जिव्हाळा उसळून आला तो नंतर, वॉटरगेट घोटाळ्यामुळे अध्यक्ष निक्सन यांना पद सोडावे लागल्यावर, जेव्हा मिझुरीच्या या फटकळ माणसाचा सरळपणा लोकांना हवाहवासा वाटू लागला. दरम्यान व्हिएतनाम युद्धाच्या काळात पुढे आलेल्या तरुण इतिहासकारांनी शीतयुद्ध पेटवल्याचा आणि सरकारी नोकरांच्या निष्ठा तपासण्याची मोहीम 1947 मध्ये सुरू केल्याचा ठपका त्यांच्यावर ठेवला होता. लोकमत आणि अभ्यासकांचे मत यांची चाल अशी वेगवेगळी होती, आणि व्हायरल दाव्यात या दोहोंची सरमिसळ झालेली आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की ट्रूमन यांना मान कशाबद्दल मिळतो? युद्धाने खचलेल्या युरोपला मदत देणारी मार्शल योजना 1948 ची, सैन्यदलांतील वंशभेद संपवण्याचा आदेश त्याच वर्षीच्या जुलैमधला, आणि नाटो 1949 ची. ही सारी कामे त्यांची पत पुरती घसरण्याच्या आधीची आहेत. ज्या गोष्टींमुळे ते बदनाम झाले त्यांतली मॅकआर्थर यांची हकालपट्टी आज बहुतेक अभ्यासक योग्य मानतात, कारण सेनापतीने नागरी सरकारच्या आज्ञेत राहायचे हे तत्त्व तिने राखले. पण 1952 मध्ये पोलाद गिरण्या ताब्यात घेण्याचा त्यांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत मोडीत काढला आणि तो आजही त्यांच्या चुकांच्याच खात्यावर मांडला जातो. रोषाचे पुढे आपोआप कौतुक होत नाही. एकेक निर्णय वेगळा तपासला जातो.

दाव्याचा दुसरा भाग म्हणजे नावडता अध्यक्ष पुढे थोर ठरतोच. असे म्हणणाऱ्यांनी एकटे ट्रूमन निवडून उरलेल्यांना वगळलेले असते. महामंदीत देशाच्या मनातून उतरलेले हूव्हर सी-स्पॅन या अमेरिकी वाहिनीने इतिहासकारांची मते घेऊन केलेल्या पाहणीत 2000 मध्ये 34 वे होते आणि 2021 मध्ये 36 वे झाले. यादवी युद्धाच्या तोंडावर देश फुटत असताना हातावर हात ठेवून बसलेले ब्यूकॅनन दीडशेहून अधिक वर्षे तळाशीच आहेत. उलट बाजूही आहे: हयातीत लोकप्रिय असलेले अँड्र्यू जॅक्सन याच पाहणीत 13 वरून 22 वर घसरले, कारण मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्याचे त्यांचे धोरण आणि त्यांची गुलामांची मालकी यांकडे आता कानाडोळा केला जात नाही.

मग मूल्यमापन बदलते ते कशामुळे? एक तर नवी कागदपत्रे हाती येतात. ट्रूमन यांच्यानंतरचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना 1962 च्या कौलात यादीच्या मध्याच्याही खाली ठेवले होते. गोल्फ खेळणारा, पत्रकार परिषदेत अडखळणारा, राज्य सहकाऱ्यांवर सोपवून मोकळा झालेला माणूस अशी त्यांची प्रतिमा होती. पुढे त्यांच्या कार्यालयाची खासगी टिपणे आणि पत्रे खुली झाली आणि राज्यशास्त्रज्ञ फ्रेड ग्रीनस्टाइन यांनी 1982 मध्ये त्यांच्या आधारे निराळेच चित्र मांडले. 1955 च्या मार्चमधला एक प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. चीनच्या किनाऱ्याजवळच्या, पण तैवानच्या ताब्यातल्या केमॉय आणि मात्सू बेटांसाठी अमेरिका अण्वस्त्रे वापरेल का, या प्रश्नावर काहीच बोलू नका, असा सल्ला प्रसिद्धी सचिव जेम्स हॅगर्टी यांनी दिला, तेव्हा आयझेनहॉवर म्हणाले की काळजी नको, प्रश्न आलाच तर मी त्यांना गोंधळात टाकेन. आणि बाहेर जाऊन त्यांनी नेमके तसेच गोलमोल उत्तर दिले. ते अडखळणे काही वेळा तरी हेतुपुरस्सर होते, हे कळण्यासाठी दप्तर उघडावे लागले. सी-स्पॅनच्या 2021 च्या पाहणीत ते पाचवे आहेत.

दुसरे कारण म्हणजे इतिहासाला विचारायचे प्रश्नच बदलतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा इतिहास दक्षिणेतील गोऱ्यांच्या गाऱ्हाण्याच्या अंगाने लिहिला जाई. त्यामुळे त्या काळातले अध्यक्ष ग्रँट म्हणजे भ्रष्टाचाराला मोकळे रान देणारा शिपाईगडी, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या 1866 च्या कायद्यावर नकाराधिकार वापरणारे अँड्र्यू जॉन्सन बरेच सुसह्य, असा निवाडा होत असे. कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1935 मध्ये या मांडणीला आव्हान दिले, पण विद्यापीठीय इतिहासाने त्याची गंभीर दखल घ्यायला नागरी हक्क चळवळीचा काळ उजाडावा लागला. कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या टोळीचा बीमोड करण्यासाठी ग्रँट यांनी 1871 मध्ये संघराज्याचे बळ वापरले, साउथ कॅरोलिनाच्या काही भागांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा (अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे उभे करण्याचा) हक्कही स्थगित केला, ही गोष्ट तोवर जवळजवळ तळटीपेत होती. ग्रँट 2000 मध्ये 33 वे होते, 2021 मध्ये 20 वे आहेत. जॉन्सन त्याच काळात 40 वरून 43 वर गेले. ग्रँट यांच्या कारकिर्दीतले मद्यकराचे घोटाळे मात्र कोणी पुसून टाकलेले नाहीत.

पक्षपाताचा आरोप अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो, कारण अमेरिकेतील इतिहासाच्या विभागांत रिपब्लिकन मतदार थोडे आहेत हे खरेच आहे. पण केवळ पक्षावरून क्रम लागत असता तर आयझेनहॉवर आणि ग्रँट हे रिपब्लिकन वर चढले नसते, आणि जॅक्सन व विल्सन हे डेमोक्रॅट घसरले नसते. विल्सन 2000 मध्ये सहावे होते, 2021 मध्ये तेरावे. शिवाय उजवीकडे झुकलेल्या फेडरलिस्ट सोसायटी या कायदेतज्ज्ञांच्या संघटनेने वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकासाठी 2000 मध्ये दोन्ही मतांचे अभ्यासक मुद्दाम समतोलाने निवडून कौल घेतला, तेव्हाही वॉशिंग्टन, लिंकन आणि फ्रँकलिन रूझवेल्ट हे तिघेच अग्रभागी आले, ट्रूमन सातवे ठरले आणि ब्यूकॅनन शेवटचे. रेगन तिथे आठवे होते, सी-स्पॅनच्या त्याच वर्षीच्या यादीत अकरावे. रेगन यांच्यासारख्या अलीकडच्या रिपब्लिकन अध्यक्षाबाबतही फरक तेवढाच होता.

क्रमवारीचे खरे दोष वेगळेच आहेत. अवघे 31 दिवस पदावर राहिलेल्या विल्यम हेन्री हॅरिसन यांनाही सी-स्पॅन क्रमांक देते, हे मला तरी हास्यास्पद वाटते. लिंडन जॉन्सन यांना समान न्यायाच्या निकषावर लिंकनच्या पाठोपाठ गुण आणि परराष्ट्र धोरणावर व्हिएतनाममुळे तळाकडचे. अशा दहा निकषांची सरासरी काढून येणाऱ्या दहाव्या-अकराव्या क्रमांकातून वाचकाला काय कळावे?

ट्रूमन यांचे नाव घेऊन केला जाणारा हा बचाव धाकट्या जॉर्ज बुश यांच्या बाबतीतही ऐकू येतो. 2006 मध्ये वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत बोलताना त्यांनी स्वतःच ट्रूमन यांचा दाखला दिला होता, आणि सी-स्पॅनच्या यादीत ते 2009 ते 2021 या काळात 36 वरून 29 वर आलेही. तरी 44 जणांत 29 वा म्हणजे खालच्याच निम्म्यात. आणि त्यांची कागदपत्रे अजून पुरती वाचली गेलेली नाहीत, कारण अध्यक्षीय दप्तराच्या कायद्यानुसार घालता येणारे बारा वर्षांचे निर्बंध त्यांच्या बाबतीत 2021 मध्येच संपले, आणि गोपनीय कागद त्यानंतरही बंदच राहतात. दप्तर उघडले की प्रतिष्ठा वाढतेच असेही नाही. 1968 च्या निवडणुकीआधी व्हिएतनामच्या शांतता बोलण्यांत मोडता घालण्याचा आरोप निक्सन यांनी जन्मभर नाकारला. त्यांचे सहायक हॉल्डमन यांच्या त्या ऑक्टोबरमधल्या हस्तलिखित टिपणांत मात्र नेमक्या तशाच सूचना सापडल्या. सी-स्पॅनच्या पाहणीत निक्सन 2000 मध्ये 25 वे होते, 2021 मध्ये 31 वे आहेत.