रोमन रस्त्यांनी पौलाचा प्रवास सोपा केला?

ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल याच्या प्रवासांवरचा तुमचा लेख वाचला. रोमन रस्ते आणि रोमन शांतता (रोमन साम्राज्यातला दीर्घ शांततेचा काळ) यांमुळे त्याचा प्रवास 'तुलनेने सुरक्षित' झाला, हे त्यातलं विधान मला अजिबात पटलं नाही. बायबलमधल्या, करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो स्वतःच सांगतो: तीनदा जहाज फुटलं, एक रात्र नि एक दिवस समुद्रात काढला, नद्यांची नि लुटारूंची संकटं वेगळीच. आणि हे पत्र माल्टा बेटाजवळ त्याचं जहाज फुटलं त्याच्या आधीचं! म्हणजे माल्टाची ती निदान चौथी वेळ. फिलिप्पै हे शहर तर रोमन वसाहत. तिथल्याच अधिकाऱ्यांनी या रोमन नागरिकाला चौकशीविना छड्या मारून तुरुंगात टाकलं.

त्याला तारलं ते लोकांच्या घरांनी. फिलिप्पैत जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाने आग्रहाने ठेवून घेतलं. करिंथमध्ये तंबू बनवणाऱ्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून त्याने तेच काम केलं. ती दोघं स्वतः रोमन बादशहा क्लौद्य याच्या, ज्यूंना रोमबाहेर काढणाऱ्या हुकमामुळे रोम सोडून आलेली. आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवरच्या नकाशात फक्त लाल बाण होते, ही माणसं कुठेच नव्हती. तुमच्या लेखातही नाहीत, याचं फार वाईट वाटलं. पुढच्या भागात लुदियावर जरूर लिहा.